सहा चाळीसची नोंद

१

मापसाहेबांना घरातलंच कोणीतरी विष घालतंय, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं इतकं सडेतोड नव्हतं, पण त्यापासून फार लांबचंही नव्हतं.

"विष नाही म्हणता येणार," ते म्हणाले. "ही गोळी लाखो लोक रोज सकाळी घेतात आणि सुखाने जगतात. पण ज्याला तिची गरज नाही त्याला ती दिली, आणि त्याचं हृदय आधीच थकलेलं असलं, तर मग नाव काहीही द्या."

समोर बसलेल्या बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कोणी वापरत नसे. छातीत यंत्र बसवलेले रुग्ण दर तीन महिन्यांनी त्यांच्यापुढे येऊन बसत. त्या यंत्रातल्या नोंदी पडद्यावर काढत आणि चुकलेल्या प्रत्येक ठोक्याचा जाब विचारत, म्हणून सगळे त्यांना ठोकेताई म्हणत. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलता बोलता समोरच्याची नाडी धरायची खोड. या खोडीला कंटाळून त्यांच्या सख्ख्या जावेने एकदा भरल्या पंगतीत हात मागे ओढून घेतला होता.

मापसाहेब त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी. वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचा स्नायू ताणून सैल पडल्याचं निघालं. चार वर्षांपूर्वी छातीत यंत्र बसवलं. ते रात्रंदिवस पहारा द्यायचं आणि ताल जिवावर बेतेल असा बिघडला तर आतूनच शॉक द्यायचं. चार वर्षं यंत्र गप्प होतं. तीन आठवड्यांपूर्वी मात्र एकाच दिवशी त्याने साहेबांना दोन शॉक दिले.

"हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल सुटलाय," डॉक्टर म्हणाले. "ठोके अनियमित, आणि इतके जलद की यंत्र घाबरलं. कारण शोधायला रक्त तपासलं, तर थायरॉइड हार्मोन तिपटीवर. दोन महिन्यांपूर्वीचं एक रक्त प्रयोगशाळेत ठेवलेलं होतं, तेही तपासून घेतलं. तेव्हाही जास्तच होतं, पण इतकं नाही. थायरॉइड वाढलं की धडधाकट माणसाचंही हृदय उधळतं, यांचा तर स्नायूच दमलेला. असेच ठोके धावत राहिले तर उरलंसुरलं बळही जाईल."

"गळ्यातली ग्रंथी बिघडली असेल."

"मलाही तेच वाटलं. परवा स्कॅनचा अहवाल आला. ग्रंथी गाढ झोपलीय. ती स्वतः हार्मोन सोडत असती तर तिचं एक प्रथिन रक्तात सापडलं असतं. तेही जवळजवळ नाही. ताल सुधारणाऱ्या एका औषधानेही थायरॉइड बिघडतं, म्हणून मी फाइल दोनदा उलटीपालटी केली. ते औषध यांना कधी दिलेलंच नाही. म्हणजे हार्मोन बाहेरून पोटात जातंय."

"त्या घरात थायरॉइडच्या गोळ्या कोण घेतं?"

"साहेबांची बहीण. पण साहेबांच्या औषधांचा डबा भरते सून. आणि सून काम करते औषधांच्या दुकानात." डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "मुलाला मी फोनवर 'बाहेरून' हा शब्द बोलून गेलो, ती माझी चूक. त्याने तेवढ्यावर बायकोला आरोपी करून टाकलं. आता नियमाप्रमाणे मला उद्या दहा वाजता पोलिसांना लिहावं लागेल. त्या मुलीचं आयुष्यभराचं नाव जाईल, ताई. आणि मला ती तशी वाटत नाही."

साहेबांच्या पलंगाशेजारी एक खोका असे. छातीतल्या यंत्राच्या नोंदी तो फोनवरून रुग्णालयात पाठवी. दोन दिवसांपासून तो बंद पडला होता आणि आज बदलायचाच होता. "खोका बदलून या," डॉक्टर म्हणाले, "आणि जरा इकडेतिकडे बघा."

निघण्याआधी ठोकेताईंनी गेल्या पाच महिन्यांच्या नोंदी पडद्यावर ओढल्या. ताल सुटल्याच्या नोंदी जवळपास शंभर होत्या. बहुतेक पाच-दहा मिनिटांत आपोआप थांबलेल्या. वेळा वाचता वाचता त्यांचं बोट थबकलं. सहा अडतीस. सहा चाळीस. सहा एकेचाळीस. सगळ्या सकाळच्या, आणि प्रत्येकीपुढे यंत्राने खूण केली होती की त्या वेळी माणूस चालत होता. फाइलमध्ये मात्र घरच्यांनी लिहून दिलं होतं की साहेब आठपर्यंत अंथरुणातून उठत नाहीत.

आणि रविवारची नोंद एकही नव्हती.

२

घर दुमजली आणि अरुंद. त्याच भिंतीला लागून शेजारचं घर, दोन्हींना मिळून एक मागचं अंगण. दार मुलाने उघडलं. तो शाळेतल्या प्रयोगशाळेत शिक्षक होता. चेहरा असा, की वर्गात कोणी काचेचं भांडं फोडलंय आणि फोडणारा कोण ते याला ठाऊक आहे.

"मी डबा कुलपात ठेवलाय," जिन्यावरच तो हलक्या आवाजात म्हणाला. "किल्ली माझ्याकडे. डब्यातल्या गोळ्या शाळेत नेऊन एकेक तपासल्या."

"मग?"

"सगळ्या ज्या त्या आहेत. म्हणजे तिने काढून टाकल्या असणार."

"भलत्या गोळ्या सापडल्या असत्या तर तिने घातल्या, असं म्हणाला असता. नाही सापडल्या, तर तिने काढल्या," ठोकेताई म्हणाल्या. "तिला सुटायला वाट कुठे ठेवलीय तुम्ही?"

ठोकेताईंनी त्याची नाडी धरली. ती जलद होती, पण ते जागरणाचं होतं.

वरच्या खोलीत खिडकी सताड उघडी होती. बाहेर बोचरी थंडी, आणि मापसाहेब पातळ सदऱ्यात बसून कपाळावरचा घाम पुसत होते. तीन महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. हातांना बारीक कंप होता. जीभ मात्र शाबूत होती.

"या ठोकेताई. यंत्र तुमचं बिघडलेलं, शॉक मला."

"यंत्राने त्याचं काम केलं, साहेब. सकाळी उठता किती वाजता?"

"आठ. त्याआधी पाय जमिनीला लावत नाही. डॉक्टरांचा हुकूम आहे आणि हुकूम मी मोडत नाही. तीस वर्षं नोकरी केली, दुकानदाराकडचा कपभर चहा घेतला नाही. विचारा कोणालाही."

कोणालाही विचारायची गरज नव्हती. हे वाक्य ठोकेताई चार वर्षांत निदान पंधरा वेळा ऐकून होत्या. खोका जोडता जोडता त्यांनी साहेबांचं मनगट धरलं. "आणि जेवण?"

"बिनमिठाचं. मीठ हृदयाला वाईट, पाणी धरून ठेवतं. स्वयंपाकघरात मी स्वतः काटा ठेवलाय. पाव, लोणी, चीज, जे खारट ते सगळं घराबाहेर काढलं. चार वर्षं झाली."

चीज म्हणताना त्यांच्या नाडीने एक उडी घेतली. उडी कसली, चांगली कोलांटी मारली. ठोकेताईंनी वर पाहिलं, तर साहेब खिडकीबाहेर बघत होते.

३

स्वयंपाकघरात आत्याबाई, म्हणजे साहेबांची धाकटी बहीण, आपल्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जप्ती येण्याआधीच त्यांनी तो हजर केला होता.

"हे बघा. प्रत्येक पाकिटावर तारीख. एक गोळी इकडची तिकडे नाही. आणि माझं रक्त गेल्याच आठवड्यात तपासलंय, चोख आहे. माझ्या गोळ्या दादाच्या पोटात गेल्या असत्या तर मी इथे अशी बसले नसते, जांभया देत पडले असते."

ठोकेताईंनी पाकीट बघितलं. गोळी पन्नासची होती, लहान मात्रेची. "यातल्या किती गोळ्या रोज खाल्ल्या तर माणसाची अशी दशा होईल, कल्पना आहे?"

"दोन?"

"आठ-दहा. आणि रोज, महिनोन्महिने."

आत्याबाई जवळ सरकून म्हणाल्या, "खोटं बोलत नाही, सूनबाईवर माझाही संशय गेला. तिने बोलूनच दाखवलं होतं ना. मागे एकदा तिने दादाच्या सारात चिमूटभर मीठ घातलं. दया आली म्हणून. दादाने एक घोट घेतला आणि सगळ्यांसमोर तिची अशी हजेरी घेतली की विचारू नका. विश्वासघात म्हणाला. तेव्हा ती म्हणाली, एक दिवस मी सुटेन यातून. आता मला सांगा, सुटेन म्हणजे काय?"

"म्हणजे दमले," मागून आवाज आला. "दुसरं काही नाही."

सूनबाई दारात उभी होती. दुकानातून आलेली, अंगावर अजून पांढरा डगला. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. आत्याबाई डबा उचलून निघून गेल्या, आणि जाताना त्यांना तिच्याकडे बघवलं नाही.

"विचारा," ती म्हणाली. "आमच्या दुकानात या गोळ्या आहेत का? आहेत. मला सहज काढता येतील का? येतील. रविवारी दुकान बंद असतं का? असतं. नवऱ्याचं हे सगळं विचारून झालंय."

रविवारची गोष्ट ठोकेताईंनी अजून कोणालाच सांगितली नव्हती. "रविवारचं त्यांनी का विचारलं?"

"रविवारी बाबांना जरा बरं असतं, असं त्याच्या लक्षात आलंय. मी घरी असते त्या दिवशी मी सांभाळून असते, असं त्याचं म्हणणं."

"गेल्या दोन महिन्यांत तू कुठे बाहेर होतीस?"

"आईचं ऑपरेशन होतं. तीन आठवडे माहेरी होते. जाताना डबे भरून गेले होते, म्हणून तेही माझ्याच खात्यावर." ती ओट्याला टेकली. "ताई, उद्या दुपारच्या गाडीने मी जाते. पोलीस यायचे ते तिकडे येऊ देत. या घरात मला आता पाण्याचा पेलासुद्धा कोणाला द्यायची भीती वाटते."

तिने हे इतकं साधेपणाने सांगितलं की ठोकेताईंना गलबलून आलं. तिचा हात त्यांनी धरला तो नाडीसाठी नव्हता.

"एकच सांग. बाबा मिठावरून अजून कुरकुर करतात?"

सूनबाईने विचार केला. "नाही. पूर्वी पहिल्या घासाला सुस्कारा ठरलेला. आम्ही हसायचो. पण चार-पाच महिने झाले, मुकाट जेवतात. मला वाटलं, सवय झाली."

४

ठोकेताई मागच्या दाराने अंगणात आल्या. डोकं शांत करायला त्यांना उघड्यावर उभं राहावं लागे.

सूनबाई तीन आठवडे माहेरी होती. त्या तीन आठवड्यांतही सहा चाळीसच्या नोंदी होत्या, आणि रविवार तेव्हाही कोरे होते. म्हणजे ती गावाला गेली काय आणि आली काय, त्या वेळेला काही फरक पडला नव्हता. उलट त्याच काळात रक्तातलं हार्मोन आणखी चढलं होतं. डबे तिने भरून ठेवले असं मानलं, तरी डब्यात सहा चाळीसचा कप्पा नव्हता. सकाळचं पहिलं औषध साडेआठला होतं. आणि मात्रा एवढी मोठी, की रोज आठ-दहा गोळ्या कोणाच्या नकळत चारायच्या. ते डब्यातून व्हायचं काम नव्हतंच.

मग सकाळी चालत कुठे जातो हा माणूस?

विचारात त्यांचा पाय कशाला तरी अडखळला. शेजारच्यांच्या दाराशी, बॉयलरच्या उबदार भिंतीला चिकटून, एक भलंमोठं कुत्रं पडलं होतं. पाठीवरचे केस झडून टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं. पाय लागला तरी त्याने डोळा उघडला नाही. अंगावर ऊन असूनही ते कुडकुडत होतं. शेजारी एक लखलखीत स्टीलची ताटली होती.

"त्याचं नाव बाण," कुंपणाच्या फाटकातून येणारी बाई म्हणाली. ती शेजारीण, बस चालवायची, अंगावर अजून गणवेश होता. "हसू नका. दीड वर्षापूर्वी खरंच बाण होता. टपालवाला याच्या भीतीने पत्रं कुंपणावरून टाकायचा. आता टपालवाला याच्या अंगावरून ओलांडून जातो."

"म्हातारा झालाय?"

"सात वर्षांचा. म्हातारा कसला. आजारी आहे. पाच महिने औषध चालू आहे, पण गुण म्हणून नाही. महिना-दीड महिन्यापूर्वी जनावरांच्या डॉक्टरांनी मात्रा दुप्पट केली. तरी ढिम्म. डॉक्टर मलाच विचारतात, देता ना नक्की. पहिल्यापासून रोज सकाळी सहा-तीसला, कामावर निघायच्या आधी, स्वतःच्या हाताने ताटलीत ठेवते. संध्याकाळी येते तर ताटली चाटूनपुसून साफ. आणखी काय करायचं माणसाने?"

"रविवारी?"

"रविवारी मी घरी असते. नऊला उठते, तेव्हा माझ्या हातूनच खातो."

ठोकेताईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "औषध कशात घालून देता?"

"गोळी नुसती दिली तर थुंकतो. म्हणून कुटून मऊ चीजच्या गोळ्यात मळते. लिंबाएवढा गोळा. चांगल्यातलं चीज आणते त्याच्यासाठी, खारवलेलं. मी स्वतः खात नाही तसलं."

"आणि आजार काय आहे याला?"

"थायरॉइड कमी आहे," बसवाली म्हणाली. "कुत्र्यांना लागतं त्याची मात्रा फार मोठी असते म्हणे. आधी चारशेची होती, आता आठशेची देते."

ठोकेताई तिथेच पायरीवर बसल्या. वरच्या मजल्यावर एक माणूस थंडीत घामाघूम होऊन वाळत चालला होता, आणि खाली एक कुत्रं उन्हात कुडकुडत फुगत चाललं होतं. एकाच्या अंगात जे जास्त झालं होतं, नेमकं तेच दुसऱ्याला कमी पडत होतं. पण हे अजून नुसतं जुळवलेलं होतं, कोणी पाहिलेलं नव्हतं. आणि सूनबाईला वाचवायला नुसतं जुळवलेलं चालणार नव्हतं.

"उद्या सकाळी," त्या म्हणाल्या, "तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी अर्धा तास बसू द्याल का मला? आणि उद्याच्या गोळ्यात औषध घालू नका. नुसतं चीज ठेवा."

५

दुसऱ्या दिवशी सहा-तीसला बसवालीने ताटलीत चीज ठेवलं, बाणाच्या टकलावरून हात फिरवला आणि ती कामावर गेली. बाणाने एक कान हलवला. ताटली त्याच्यापासून चार हातांवर होती आणि तेवढं अंतर त्याला फार होतं.

सहा अडतीसला शेजारचं मागचं दार उघडलं. मापसाहेब बाहेर आले. अंगात झगा, पायांत मोजे, चपला हातात. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. वाकून गोळा उचलला, अर्धा एका घासात, अर्धा दुसऱ्या. मग डोळे मिटून क्षणभर उभे राहिले. त्या चेहऱ्यावर इतकं निखळ सुख होतं की ठोकेताईंना त्यांच्याकडे बघायची लाज वाटली. त्यानंतर साहेबांनी ताटली उचलली, नळाखाली धुतली, झग्याने पुसली आणि होती तिथे ठेवली.

ठोकेताई बाहेर आल्या. हाक मारली नाही, नुसत्या पायरीवर जाऊन बसल्या. साहेबांनी त्यांना पाहिलं आणि तेही हळूच शेजारी बसले. ठोकेताईंनी मनगट धरलं. ठोके सैरावैरा पळत होते.

"यंत्राने सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"वेळ यंत्राने सांगितली. बाकीचं कुत्र्याने."

"चार वर्षं मिठाची चव नव्हती, ठोकेताई. एका सकाळी झोप लागेना म्हणून खाली आलो, तर ते समोर. कुत्रं ढुंकून बघत नव्हतं. वाया जाणार होतं. म्हटलं, एकदाच." ते थांबले. "मग रोज सकाळी जाग यायला लागली. थोडं मीठ जास्त गेलं असेल. पण शॉक मिठाने बसले नसतील ना?"

"त्या चीजमध्ये रोज त्याचं औषध असतं, साहेब. थायरॉइडचं. तुमच्या बहिणीच्या गोळीच्या सोळापट."

साहेब जागच्या जागी गोठले. ठोकेताई त्यांना ओळखून होत्या. हा माणूस खोटं वजन हातात घेताच ओळखत असे, आता काय काय कुठे गेलं ते त्याला सांगावं लागणार नव्हतं.

"म्हणजे सूनबाई," ते पुटपुटले.

"दुपारच्या गाडीने चाललीय. दहा वाजता डॉक्टर पोलिसांना लिहिणार होते. त्यांना मी आत्ता फोन करते, ते मिटेल. तुमचंही सोपं आहे. हे बंद केलं की काही आठवड्यांत हार्मोन उतरेल आणि ताल बहुधा आपसूक जागेवर येईल. राहिलं घर."

"घरात असं सांगता येईल का," साहेबांनी खाली बघत विचारलं, "की शेजारणीकडून औषध चुकून आपल्या भांड्यात आलं? काहीतरी सरमिसळ झाली?"

"तुम्ही सांगू शकता. मी खोटं ठरवणार नाही." ठोकेताई उठल्या. "पण मग ती भांडी कोण घासतं, असं तुमचा मुलगा विचारेल. आणि उत्तर पुन्हा तिच्यापाशीच येईल."

६

साडेआठला सगळे जेवणाच्या टेबलाभोवती होते. सूनबाईची बॅग दाराशी भरून ठेवली होती. मापसाहेब उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"पाच महिने," ते म्हणाले, "रविवार सोडून रोज, मी शेजारच्या कुत्र्याचं चीज चोरून खातोय. त्यात त्याचं थायरॉइडचं औषध असतं. मला ते ठाऊक नव्हतं. पण चोरी ठाऊक होती."

आत्याबाईंच्या घशातून एक विचित्र आवाज आला. "दादा, ताटलीतलं?"

"ताटली स्वच्छ असते."

आत्याबाईंना हसू आवरेना. त्यांनी पदरात तोंड लपवलं तरी खांदे गदगदत होते. मुलगाही हसला, सुटकेने, जरा जास्तच मोठ्याने. "बाबा, कमाल केलीत. म्हणजे मिटलं सगळं. कोणी काही केलंच नव्हतं." तो बायकोकडे वळला. "ऐकलंस ना? मिटलं."

सूनबाई हसली नाही. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, हे माझ्यावर घेतायत हे तुम्हाला कधी कळलं?"

"परवा. जिन्यावरून ऐकलं."

"तुम्हाला वाटलं, मी असेन?"

"एक क्षणही नाही." साहेबांचा आवाज फुटला. "शॉक बसला तेव्हा तूच मला मांडीवर धरून बसली होतीस. तुला धक्का बसला तरी सोडलं नाहीस. मला पक्कं ठाऊक होतं. तरी गप्प बसलो. बोललो असतो तर हा म्हणाला असता, ती नाही तर कोण, आणि मग माझी रोजची सकाळ तपासली असती. मी माझं चीज झाकायला गेलो, सूनबाई."

"एका चीजच्या गोळ्यासाठी?"

"हो. तेवढ्यासाठी."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. चिमूटभर मिठासाठी त्यांनी तिला विश्वासघातकी म्हटलं होतं, ते सगळ्यांनाच आठवलं. ते बोलून दाखवायला त्यांनी तोंड उघडलं, पण सूनबाईने मान हलवली.

"राहू दे, बाबा. तुम्ही उभं राहून सांगितलंत. मला तेवढं पुरे आहे." ती उठली आणि त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "आता तुम्ही बसा. ठोके वाढतील."

मग ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या तोंडावरचं हसू एव्हाना मावळलं होतं.

"तुला एकदा तरी वाटलं का, की ही नसेल?"

मुलाला खोटं बोलता आलं असतं, पण वडिलांचं बोलणं होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. "नाही," तो म्हणाला. "मी सिद्धच करत होतो. तू नसशील, हे मी तपासलंच नाही."

सूनबाईने मान डोलावली, जणू तिला एवढंच हवं होतं. ठोकेताई आपली पिशवी उचलायच्या विचारात होत्या, पण पाय निघेना.

"बॅग उचल," सूनबाई म्हणाली.

मुलाने मुकाट्याने बॅग उचलली. जड होती, चार वर्षांचा संसार होता तिच्यात. "वर नेऊ? की स्टेशनवर सोडू?"

"ते मी अजून ठरवलं नाही." तिने खुर्ची ओढली आणि शांतपणे आपल्यासाठी चहा ओतून घेतला. "माझा चहा होईपर्यंत हातात धरून उभा राहा."

तो उभा राहिला.